घर भुसावळला, लॅपटॉप तिबिलिसीत: परदेशी एकट्याने राहून काम करणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलंमुली आता नोकरी पुण्यातल्या नाहीतर अमेरिकेतल्या कंपनीची करतात आणि चार-सहा महिने जॉर्जिया, व्हिएतनाम, पोर्तुगालला जाऊन राहतात. त्यात एक अडचण आहे. शेजारी ओळखीचे नसतात, ऑफिस नसतं, कॅन्टीनमध्ये "आज दिसला नाही" असं म्हणणारं कोणी नसतं. शुक्रवारी रात्री लॅपटॉप बंद केल्यावर काही झालं, तर कंपनीला ते सोमवारी कळतं. खाली सांगितलेली बहुतेक तयारी हे दोन-अडीच दिवस काही तासांवर आणण्यासाठी आहे.

हजेरी: कोण, किती वाजता, आणि चुकली तर काय

"रोज फोन करत जा" ही सूचना प्रेमाची असली तरी कामाची नाही. रोज म्हणजे किती वाजता? फोन आला नाही तर किती वेळ थांबायचं? मग कोणाला विचारायचं? हे ठरलेलं नसलं की घरचे एक तर रात्री दोनला रडत बसतात, नाहीतर "झोपला असेल" म्हणून दीड दिवस काढतात. दोन्ही वाईट, पण दुसरं जास्त वाईट.

पहिलं काम म्हणजे घरातला एकच माणूस हजेरीसाठी, म्हणजे रोजचा "मी ठीक आहे" हा मेसेज बघण्यासाठी, नेमायचा. फॅमिली ग्रुपवर हजेरी टाकू नका. ग्रुपवर तीस जण असतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने बघितलं असेल. मायला मेसेज वाचता येत असेल तर माय, नाहीतर भाऊ, वहिनी, कोणीही चालेल, पण एकच. त्याच्या जोडीला दुसरा माणूस असा हवा, ज्याला परदेशात फोन लावून इंग्रजीत चार वाक्यं बोलता येतात. तो गावात नसला तरी चालतो, पुण्यातला मामेभाऊही चालेल.

वेळ भारतीय घड्याळाने ठरवा. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. जर्मनी आपल्या हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. हजेरी तिथल्या वेळेवर ठरवली तर वर्षातून दोनदा ती घरी एक तास इकडेतिकडे होते आणि नेमकी त्याच दिवशी घबराट उडते. जॉर्जियात घड्याळ बदलत नाही, तो देश बारा महिने दीड तास मागे. थायलंड आणि व्हिएतनाम दीड तास पुढे.

समजा मुक्काम जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत आहे आणि काम न्यूयॉर्कच्या वेळेचं. तिथल्या हिवाळ्यात ते काम तिबिलिसीच्या संध्याकाळी सहापासून पहाटे दोनपर्यंत चालतं, म्हणजे भुसावळच्या साडेसातपासून पहाटे साडेतीनपर्यंत. अशा माणसाने सकाळी आठची हजेरी ठरवली तर ती आठवडाभरही टिकणार नाही. उठल्यावरची हजेरी दुपारी दीडला ठेवा. तिबिलिसीत तेव्हा बारा वाजलेले असतात आणि घरी जेवणं आटोपलेली असतात. दुसरा मेसेज लॅपटॉप मिटताना टाकायचा. तो कोणाला उठवण्यासाठी नसतो, पहाटे चहा ठेवताना मायने बघावा म्हणून असतो. दिवसाला एवढे दोन पुरेत. जास्त ठरवले की चुकतात, आणि हजेरी चार वेळा चुकली की पाचव्यांदा कोणी दखल घेत नाही.

मेसेज कसा असावा यालाही महत्त्व आहे. नुसता अंगठा किंवा "ओके" नको, कारण फोन चोरणाराही ते पाठवू शकतो. त्या दिवसाचं काहीतरी त्यात असू द्या: ताटाचा फोटो, खिडकीबाहेरचं आभाळ, दहा सेकंदांचा आवाज. यात आणखी एक खूण पेरून ठेवा. तुम्ही एरवी "माय" म्हणत असाल, तर संकटात असल्यावर मेसेजमध्ये "मम्मी" लिहायचं, एवढंच ठरवा. कोणी समोर बसून मेसेज लिहायला लावला तरी त्याला त्यात काही वावगं दिसत नाही. घरी मात्र लगेच समजतं. ही खूण फक्त तिघांना माहीत असावी, आणि ती कुठेही लिहून ठेवू नका.

हजेरी चुकली तर पुढच्या पायऱ्या ठरलेल्या असाव्यात. दोन तासांनी साधा फोन आणि व्हॉट्सॲप कॉल, दोन्ही. चार तासांनी घरमालक, इमारतीतला शेजारी किंवा तिथला ओळखीचा माणूस, म्हणजे जो कोणी दार ठोठावू शकेल तो. सहा तासांनी दुसरा नेमलेला माणूस कंपनीतल्या वरिष्ठाला विचारतो: शेवटचं लॉगिन कधी? आठ तासांनी तिथले पोलीस आणि भारतीय दूतावास. वाटेत विमानप्रवास किंवा डोंगरातली भटकंती असेल तर आदल्या दिवशीच "उद्या दीडला नाही, रात्री नऊला" असं कळवायचं. तसं कळवलेलं नसेल तर "नेट नसेल बहुतेक" हे कारण घरच्यांनी स्वतःहून धरू नये.

आता एक गोष्ट, जी बहुतेक घरांत कोणाच्या लक्षातच येत नाही. युरोपात ११२, थायलंडमध्ये पोलिसांसाठी १९१ आणि रुग्णवाहिकेसाठी १६६९, व्हिएतनाममध्ये ११३ आणि ११५, हे आकडे त्या त्या देशात उभं राहूनच लागतात. भुसावळहून ११२ फिरवला तर फोन महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षात जातो. घरच्यांजवळ तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्याचा पूर्ण नंबर हवा, देशाच्या कोडसकट. खोली ताब्यात घेतली की पहिल्याच दिवशी तो शोधून घरी पाठवा. घरातल्या निदान एका सिमवर आयएसडी चालू असावं आणि त्यात पैसे असावेत. परदेशात एकदा फोन लावून ते आधीच तपासा.

कपाटाच्या दारामागचा कागद

मोबाइलमधली माहिती ऐनवेळी सापडत नाही, म्हणून एक पान हाताने लिहून घरात कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. मराठीत, मोठ्या अक्षरात. खोलीचा पत्ता मजला आणि दार क्रमांकासकट, आणि तोच पत्ता तिथल्या लिपीतही. जॉर्जियन किंवा थाई अक्षरांतला पत्ता घरमालकाकडून मेसेजवर घ्या आणि छापून चिकटवा. त्याखाली घरमालक, कंपनीतला वरिष्ठ, पोलीस ठाणं, जवळचं रुग्णालय, दूतावासाचा चोवीस तासांचा आपत्कालीन नंबर. मग पासपोर्ट क्रमांक, व्हिसाची शेवटची तारीख, विमा पॉलिसीचा क्रमांक आणि विमा कंपनीचा परदेशातून लागणारा नंबर. रक्तगट आणि ॲलर्जी. फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, तो *#०६# दाबल्यावर दिसतो. खोली बदलली की त्याच दिवशी कागद बदलायचा. जुना पत्ता लावून ठेवण्यापेक्षा कागद नसलेला बरा.

प्रत्येक देशात भारताचा दूतावास असतोच असं नाही. काही देशांचं काम शेजारच्या देशातला दूतावास बघतो. तुमच्यासाठी कोणता, ते निघण्याआधी बघा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नाव नोंदवून ठेवा. हे पोर्टल २०१५ पासून चालू आहे, आणि परदेशात अडकलेल्या माणसाची तक्रार घरचेही तिथे टाकू शकतात. पासपोर्ट हरवला तर क्रम असा: स्थानिक पोलिसांत तक्रार, तिची प्रत घेऊन दूतावास, तिथे नवा पासपोर्ट किंवा फक्त भारतात परतण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र. काही देशांत बाहेर पडायला त्यानंतर तिथल्या इमिग्रेशनची वेगळी परवानगी लागते. त्यामुळे आदल्या दिवशी प्रमाणपत्र आणि दुसऱ्या दिवशी विमान, असा हिशोब करू नका. पांढऱ्या पार्श्वभूमीचे चार पासपोर्ट फोटो आणि पासपोर्टच्या झेरॉक्स मूळ पासपोर्टपासून वेगळ्या ठेवा.

सिमकार्ड, ओटीपी आणि चोरीनंतरचा पहिला तास

परदेशात एकट्या माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान मारामारीत क्वचितच होतं. ते होतं फोन गेल्यावर. पैसे, नकाशा, तिकीट, घराशी बोलणं, कंपनीचं लॉगिन, सगळं त्या एका वस्तूत असतं आणि त्याच्या किल्ल्याही, म्हणजे ओटीपी, तिथेच येतात.

भारतातून निघण्याआधीच भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या. बाहेर गेल्यावर ते चालू करणं फार जिकिरीचं होतं. विमानतळावर उतरल्यावर डेटा रोमिंग बंद ठेवा, पण सिम चालू ठेवा आणि बँकेचा एक ओटीपी मागवून तो येतो का बघा. रोजच्या वापराचं इंटरनेट तिथल्या सिमवर किंवा ईसिमवर घ्या. भारतीय नंबरच्या रिचार्जची तारीख घरातल्या माणसाच्या मोबाइलमध्ये दहा दिवस आधीच्या गजरासकट टाकून ठेवा. रिचार्ज संपला की आधी जाणारे कॉल थांबतात, मग येणारे, आणि बरेच दिवस तसंच राहिलं तर नंबर दुसऱ्याच्या नावावर जातो. त्या नंबराला बँक, आधार आणि पीएफ जोडलेले असतात.

यूपीआयचं एक वेगळं आहे. नव्या फोनवर यूपीआय सुरू करताना ॲप तुमच्या सिमवरून एक एसएमएस स्वतःहून बाहेर पाठवतं. रोमिंगमध्ये एसएमएस बाहेर जात नसेल, तर ओटीपी येत असूनही यूपीआय सुरू होत नाही, आणि माणूस ॲपलाच दोष देत बसतो. म्हणून दुसरा, जुना का असेना, फोन सोबत न्या, त्यात बँकेचं ॲप भारतात असतानाच चालू करून ठेवा आणि तो खोलीवरच राहू द्या.

सिमला पिन लावा. फार थोडे लोक हे करतात, पण ते हवंच. स्क्रीनला कितीही कडक लॉक असलं तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. सिमला पिन असेल तर दुसऱ्या फोनमध्ये ते पिन मागतं. सेटिंग्जमध्ये सुरक्षा या भागात 'सिम लॉक' असतं. ते चालू करताना आधीचा मूळ पिन लागतो. तो अंदाजाने टाकू नका, कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारा. तीनदा चुकला तर सिम पीयूके, म्हणजे ते उघडण्याचा वेगळा कोड, मागतं, आणि पीयूके दहा वेळा चुकला तर सिम कायमचं निकामी होतं. पीयूके वहीत लिहून ठेवा. गूगल, ईमेल आणि कंपनीच्या खात्यांसाठी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच लॉगिनचा कोड तयार करणारं) वापरा, आणि त्या खात्यांचे बॅकअप कोड कागदावर, पासपोर्टच्या झेरॉक्ससोबत. व्हॉट्सॲपचा सहा आकडी टू-स्टेप पिनही लावा.

फोन गेलाच तर क्रम सांगतो. आधी चोराच्या मागे धावू नका. खोलीवर किंवा जवळच्या उजेडातल्या दुकानात जा. खोलीवरचा फोन किंवा लॅपटॉप उघडून गूगलच्या किंवा ॲपलच्या फोन शोधण्याच्या सोयीतून तो 'हरवला' म्हणून लॉक करा. लगेच मिटवून टाकू नका, कारण मिटवल्यावर अँड्रॉइड फोन शोधता येत नाही. पण बँकेचं ॲप उघडं राहिलं असेल अशी शंका असेल, तर शोधण्याचा विचार सोडा आणि मिटवा. दुसरं, बँकेच्या परदेशातून लागणाऱ्या नंबरवर यूपीआय आणि मोबाइल बँकिंग बंद करायला सांगा. १८०० ने सुरू होणारे टोल फ्री नंबर बाहेरून बहुधा लागत नाहीत, म्हणून +९१ ने सुरू होणारा नंबर वहीत आधीच हवा. तिसरं, हजेरीच्या माणसाला कळवा. त्याने मोबाइल कंपनीला सांगून सिम बंद करायचं आणि "याच्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका" असा मेसेज सगळ्या नातेवाईकांत फिरवायचा. चौथं, कंपनीच्या आयटीला ईमेल. पोलिसांची तक्रार त्यानंतर. ती विम्यासाठी लागते, पण एक तास उशिराने दिली तरी बिघडत नाही.

डुप्लिकेट सिम साधारणपणे ज्याच्या नावावर असतं त्याला स्वतः जाऊनच मिळतं. ते मिळाल्यावरही पहिले २४ तास त्यावर एसएमएस चालत नाहीत. सिम बदलून होणारी फसवणूक रोखण्यासाठी तसा नियमच आहे. म्हणजे अप्पांनी जळगावच्या दुकानात जाऊन तुमचं सिम काढून आणणं होणार नाही. खोलीवरचा दुसरा फोन, त्यातलं चालू ॲप आणि दोन कार्डं यांवरच पुढचे काही दिवस काढावे लागतात.

कार्डं दोन वेगळ्या बँकांची असू द्या, एक पाकिटात आणि एक खोलीवर. ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डं परदेशी वापरासाठी बंदच असतात. बँकेच्या ॲपमधून तो वापर चालू करा, पण मर्यादा कमी ठेवा, गरज पडली की वाढवता येते. एटीएमने "रुपयांत कापू की स्थानिक चलनात?" विचारलं तर स्थानिक चलन निवडा, रुपयांतला दर महाग पडतो. शिवाय २०० डॉलर छोट्या नोटांत, सामानात तिसऱ्याच जागी.

घरच्यांना येणारा खोटा फोन

तुम्ही परदेशी गेल्याचं स्टेटसवर दिसलं की घरी फोन येऊ शकतो: "तुमचा मुलगा पोलिसांनी पकडलाय, तासाभरात पैसे पाठवा." मागे रडण्याचा आवाजही असतो, आणि आवाजाची हुबेहूब नक्कल करणं आता अवघड राहिलेलं नाही. यावर उपाय आपल्या बोलीत आहे. घरात एक प्रश्न आणि त्याचं उत्तर ठरवा, अहिराणीत, लेवा गणबोलीत, पावरीत, जे घरात बोलत असाल त्यात. उत्तर फेसबुकवर सापडणारं नको. गाव, वाढदिवस, कुत्र्याचं नाव यातलं काहीच नको. आखाजीला झोका कोणत्या झाडाला बांधायचे, असलं काहीतरी हवं. समोरच्याने मराठी सोडून अहिराणीत बोलायचं टाळलं, तरी तेवढ्यावरूनही समजून जावं. उत्तर नाही तर पैसे नाही, आणि मग लगेच तुमच्या नेहमीच्या नंबरवर फोन. पैसे गेलेच असतील तर घरच्यांनी त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा. जितका लवकर, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

व्हॉट्सॲप बंद पडणं आणि माणूस हरवणं यातला फरकही घरी समजावून ठेवा. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी व्हॉट्सॲप सुमारे सहा तास जगभर बंद होतं. अशा वेळी साधा एसएमएस, नाहीतर सिग्नलसारखं दुसरं ॲप, असं आधीच ठरलेलं असावं. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात पण कॉल लागत नाहीत, तिथे बॉटिम वापरतात. चीनमध्ये व्हॉट्सॲप आणि गूगल दोन्ही चालत नाहीत. आणि घर धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यावर असेल, तर व्हिडिओ कॉलचा हट्ट सोडा. हजेरीचा माणूस शहाद्यात किंवा नंदुरबारात राहणारा निवडा, पाड्यावर निरोप पोचवणं त्याच्याकडे.

व्हिसा आणि "थायलंडमध्ये डेटा एन्ट्री"

व्हिसाची बाब इथे येते ती सुरक्षेसाठी. ज्याचा व्हिसा कामाला बसत नाही तो लुटला गेला तरी पोलिसांत जायला घाबरतो, आणि हे घरमालकालाही कळतं आणि एजंटलाही. आता बऱ्याच देशांनी लॅपटॉपवरच्या कामासाठी वेगळे व्हिसे काढले आहेत. पोर्तुगालने २०२२ मध्ये, स्पेनने २०२३ मध्ये, थायलंडने जुलै २०२४ मध्ये. थायलंडचा पाच वर्षं चालतो, एका वेळी १८० दिवस राहता येतं आणि ५ लाख बाट शिल्लक दाखवावी लागते. युरोपातल्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारा गट) पर्यटक म्हणून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्याचा हिशोब वहीत ठेवा.

नोकरी आधीपासून असलेल्यांनी ही पुढची गोष्ट लहान भावंडांसाठी वाचावी. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता: थायलंडमध्ये आयटीची नोकरी म्हणून तरुणांना बोलावून म्यानमारमधल्या म्यावाड्डी भागात नेतात आणि तिथे डांबून ऑनलाइन फसवणुकीचं काम करून घेतात. वाट अशी असते: विमान बँकॉकला, तिथून गाडीने माए सोत, मग मोई नदी ओलांडून पलीकडे. मुलाखत फक्त चॅटवर, तिकीट कंपनीचं, व्हिसा पर्यटकाचा, पगार कामाच्या मानाने भरमसाट, आणि ऑफिसचा पत्ता "आल्यावर सांगू". यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी जाऊ नका. एजंट नोंदणीकृत आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. बँकॉकला उतरल्यावर गाडी शहर सोडून वायव्येला निघाली, तर पेट्रोल पंपावर, टोलवर, जिथे माणसं दिसतील तिथे उतरा आणि पर्यटक पोलिसांचा ११५५ फिरवा. नदी ओलांडल्यावर सोडवणं फार कठीण होतं.

खोली: कुलूप दिसतं, गॅस दिसत नाही

ऑनलाइन फोटो बघून तीन महिन्यांचं भाडं भरू नका. पहिले सात दिवस ज्याला भरपूर परीक्षणं आहेत अशा ठिकाणी काढा, आणि पुढची खोली स्वतः पायी जाऊन, एकदा दिवसा आणि एकदा रात्री बघा. तळमजला टाळा, दुसरा-तिसरा मजला बरा. आतून कडी आहे का, जिन्यात दिवा लागतो का, आग लागली तर दुसरी वाट कोणती, हे बघा. दाराखाली लावायची रबरी पाचर स्वस्त असते आणि वजनालाही हलकी. एकट्या मुलीने तर ती न्यावीच. दारावरच्या पाटीवर, डिलिव्हरीच्या पार्सलवर फक्त आडनाव असू द्या.

पण कुलपापेक्षा जास्त काळजी हिवाळ्यात गॅसची घ्या. धुळ्यात जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो तरी आपली घरं मोकळी असतात, दारं-खिडक्यांतून वारा खेळतो. तिकडच्या जुन्या इमारतींत खिडक्या रबर लावून घट्ट बंद केलेल्या असतात, आणि खोली तापवायला भिंतीवरचा गॅस हीटर, अंघोळीला गॅसचा गीझर असतो. धुराडं तुंबलं किंवा गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात ऑक्सिजनची जागा तो घेतो. डोकं जड होतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं, आणि माणूस "सर्दी-ताप आला" म्हणून त्याच खोलीत पांघरूण घेऊन झोपतो. एकटं राहणाऱ्याला उठवायला तिथे कोणी नसतं.

म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म विकत घ्या आणि पहिल्या रात्रीच लावा. धुराचा अलार्म वेगळा, तो हा वायू ओळखत नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर 'ईएन ५०२९१' हे मानक छापलेलं असावं. हीटर असलेल्या खोलीत तो हीटरपासून १ ते ३ मीटरवर, आणि झोपायच्या खोलीत उशीच्या उंचीला ठेवा. पडद्यामागे किंवा कपाटात नको. आठवड्यातून एकदा बटण दाबून तपासा. आतल्या सेन्सरला वय असतं, संपायची तारीख मागे छापलेली असते. घरमालकाने लावून दिलेला असेल तर ती आधी वाचा. हीटरची ज्योत निळी हवी. पिवळी, लपलपती ज्योत किंवा भिंतीवर काजळी दिसली तर हीटर बंद आणि घरमालकाला फोन. अलार्म वाजला, किंवा डोकं दुखून बाहेर गेल्यावर बरं वाटलं आणि आत आल्यावर पुन्हा दुखू लागलं, तर खिडक्या उघडा, बाहेर पडा, मगच फोन. सामान घ्यायला परत आत जाऊ नका.

औषधं, मसाला, स्कूटर

रोजची गोळी असेल तर पूर्ण मुक्कामाचा साठा, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं, सही-शिक्का हवा. खोकल्याचं कोडीन असलेलं औषध आणि ट्रॅमाडॉल अमिरातीत नियंत्रित आहेत, परवानगीशिवाय नेऊ नका. आणि मायने बांधून दिलेल्या काळ्या मसाल्यात खसखस आहे का, ते विचारा. अमिरातीत आणि सिंगापूरला खसखस अमली पदार्थांत धरतात आणि त्यासाठी अटक होऊ शकते. युरोपात तूप, पेढे, खवा विमानतळावर काढून घेतात. बिबड्या, उडदाचे पापड, कळण्याचं पीठ मात्र बंद पाकिटात, वर नाव लिहून बहुतेक ठिकाणी नेता येतं. नियम जाण्याआधी एकदा बघा आणि कस्टमच्या फॉर्मवर खाद्यपदार्थ लपवू नका.

विमा घेताना रक्कम बघण्याआधी वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, पण ती किमान अट झाली. रुग्णाला मायदेशी आणण्याचा खर्च त्यात आहे का आणि मुदत मुक्कामापेक्षा मोठी आहे का, हे बघा. मुदत संपल्यावर वाढवून मिळेलच असं नाही. स्कूटरच्या अपघाताचे दावे बरेचदा फेटाळले जातात. बाली किंवा थायलंडमध्ये भाड्याची स्कूटर कोणीही देतो, पण त्या देशात चालणारा परवाना नसेल तर विमा कंपनी रुग्णालयाचं बिल देत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओत फॉर्म ४ए भरून मिळतो, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवान्यावर दुचाकी असेल तरच त्यावर दुचाकी येते. अनेकांच्या परवान्यावर फक्त चारचाकी असते आणि ते तिकडे रुग्णालयात कळतं.

पॉवर बँक २०,००० मिलीअँपिअर-अवरची न्या. ती ७४ वॅट-अवर होते, विमानातली १०० वॅट-अवरची मर्यादा ओलांडत नाही. ती हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनला नाही. रात्री बाहेर पडताना व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन आठ तासांसाठी हजेरीच्या माणसाला द्या. गूगल मॅप्सचं लोकेशन बंद करेपर्यंत चालतं आणि त्यात फोनची बॅटरी किती उरलीय तेही दिसतं. अचानक फोन लागेनासा झाला तर तेवढ्यावरूनच घरच्यांना समजतं की चार्जिंग संपलं होतं.

मन

अमेरिकेच्या वेळेवर काम करणारा माणूस दिवसा झोपतो आणि जागा असतो तेव्हा त्या शहरातली दुकानं बंद असतात. तीन आठवड्यांत तोंडाने शब्द न काढता दिवस जातात. घरच्यांना ते हजेरीतून दिसतं, बघायचं ठरवलं तर: ताटाचा फोटो येईनासा होतो, मेसेज "ठीक" एवढाच उरतो, आवाज पाठवणं बंद होतं. हजेरी वेळेवर येत असली तरी हे दिसलं की त्या दिवशी व्हिडिओ कॉल करायचा, आणि कॉलवर "कसा आहेस?" विचारू नका, त्याला उत्तर "बरा" असंच मिळतं. "आज बाहेर कुठे गेलास, दाखव" म्हणा. तिकडे राहणाऱ्याने आठवड्यातले तीन दिवस तरी खोलीबाहेर, को-वर्किंगमध्ये बसून काम करावं आणि उजेड असताना अर्धा तास चालावं. मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळं असतात. गणपतीची वाट बघू नका, पहिल्या आठवड्यातच नंबर मिळवा. दार ठोठावणारा माणूस तिथूनच मिळतो.

निघण्याआधी एक दिवसाची तालीम

तिकिटाच्या पंधरा दिवस आधी एक शनिवार ठरवा, तो घरी सांगू नका. फोन बंद करून चाळीसगावजवळ पाटणादेवीला किंवा तोरणमाळला जा आणि दीडची हजेरी चुकवा. जोडीच्या माणसाला मात्र आधी कल्पना द्या, म्हणजे खरोखर कोणाची तब्येत बिघडणार नाही. बघा, पहिला फोन किती वाजता येतो, कपाटावरचा कागद कोणी उघडतं का, जोडीच्या माणसापर्यंत निरोप पोचतो का. संध्याकाळी घरी येऊन आधी माफी मागा आणि मग सगळ्यांसमोर कागद दुरुस्त करा.

तालमीत हमखास एक गोष्ट सापडते. माय रात्री झोपताना फोन सायलेंट करते आणि चार्जिंगला स्वयंपाकघरात लावते. तो आता तिच्या उशाशी आणा आणि तुमचा नंबर तारांकित करून 'डू नॉट डिस्टर्ब'च्या अपवादात टाका. मग फोन सायलेंट ठेवण्याऐवजी झोपताना 'डू नॉट डिस्टर्ब' लावायची सवय तिला लावा. तुमचा दुसरा, तिकडचा नंबर पहिल्या दिवशी मिळेल तेव्हा तोही तिच्या फोनमध्ये तारांकित करायचा, आणि ते काम भावाकडे आत्ताच सोपवून ठेवा.